जुलाब ‘बंद’ करणारं औषध मागू नका; बाळाच्या आतड्याला काम करू द्या

“डॉक्टर, काहीही द्या, पण आजच्या आज जुलाब बंद झाले पाहिजेत.”

हे वाक्य तुम्ही कधी ना कधी म्हटलं असेल, निदान ऐकलं तरी नक्की असेल. शिरूर असो, दौंड असो, थंडी पडली आणि कारखान्याचं बॉयलर पेटलं की बालरुग्णांच्या रांगेत हे वाक्य रोज ऐकू येतं. मांडीवर आठ-दहा महिन्यांचं बाळ असतं, रात्रीतून दहा वेळा पातळ शी झालेली असते, आधी दोन-चार उलट्या होऊन गेलेल्या असतात. आई जागरणाने कावलेली आणि सोबतची आजी ठाम असते : “दूध बंदच केलंय कालपासून. आता तुम्ही एक बाटली लावा आणि बंद व्हायचं औषध द्या.”

या तिन्ही मागण्या, म्हणजे दूध बंद, बाटली लावा, बंद व्हायचं औषध द्या, बाळाच्या हिताच्या नाहीत. माझी तक्रार आईविरुद्ध नाही. ती घाबरलेली असते आणि घाबरायचं कारणही खरं असतं. माझी तक्रार आहे ती हे मागितल्याबरोबर देणाऱ्यांविरुद्ध, मग तो मेडिकलच्या काउंटरमागे उभा असो की गळ्यात स्टेथोस्कोप घालून बसलेला असो. आणि हे का चुकीचं आहे ते सांगायचं तर आधी आतड्याच्या भिंतीत शिरावं लागेल. जरा धीर धरा, विषय वाटतो तितका रुक्ष नाही.

आपल्या मनात आतड्याचं चित्र असतं पाइपचं. वरून टाकलं, खालून निघालं. पाइप गळायला लागला की बूच मारायचं, इतकी साधी गोष्ट. पण लहान आतड्याची जेमतेम काही मिलिमीटर जाडीची भिंत आतून पाहिली तर ती मखमलीसारखी दिसते. तिच्यावर लाखो बारीक कोंब उभे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. प्रत्येक कोंबात रक्तकेशिकांचं जाळं असतं आणि मधोमध एक बंद टोकाची नळी उभी असते. ही लसीकावाहिनी, म्हणजे लिम्फची नळी. कोंबातल्या या खास नळीला ‘लॅक्टिअल’ म्हणतात, दुधाची नळी. साखर, मीठ, प्रथिनांचे तुकडे आणि बहुतेक सगळं पाणी रक्तकेशिकांतून यकृताकडे जातं. दुधातली, तेला-तुपातली चरबी मात्र एवढ्या मोठ्या थेंबांत बांधली जाते की केशिकेच्या भिंतीतून ती आत शिरू शकत नाही. ती लॅक्टिअलमध्ये उतरते, तिथून मोठ्या लसीकावाहिन्यांत, आणि छातीतून वर चढत डाव्या बाजूला मानेच्या तळाशी रक्तात मिसळते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं याच वाटेने जातात.

या भिंतीत दुसरं जाळं आहे मज्जातंतूंचं. (मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नस म्हणतो, त्यामुळे दवाखान्यात रोज गोंधळ होतो. इथे मी नस म्हणेन ती संदेश नेणारी.) आतड्यात नसांची दोन जाळी आहेत. एक कोंबांच्या खालच्या थरात असतं. ते मुख्यतः पाणी आणि क्षार किती आत घ्यायचे, किती बाहेर सोडायचे हे बघतं. दुसरं स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये असतं, ते आतडं पुढे ढकलतं. एकोणिसाव्या शतकात माइसनर आणि आउअरबाख या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ती शोधली, आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. दोन्ही मिळून या जाळ्यांत दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडून पाहिल्या. आतडं तरीही ढकलायचं काम करत राहिलं. मेंदूचा हुकूम नसला तरी चालेल इतकं त्याला स्वतःचं डोकं आहे.

आता या दोन जाळ्यांचा एकमेकांशी काय संबंध? गंमत म्हणजे या नात्याची सुरुवातच एका गैरसमजातून झाली. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे आसेल्ली नावाचा शल्यविद् आपल्या मित्रांना एका जिवंत कुत्र्याच्या स्वरयंत्राच्या नसा दाखवत होता. ते झाल्यावर त्याने पोट उघडलं, तर आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं. त्याला आधी वाटलं, या नसाच. मग त्याने त्यातला एक जाडसा दोरा कापला आणि आतून दुधासारखा पांढरा द्रव बाहेर आला. कुत्र्याने थोड्याच वेळापूर्वी खाल्लं होतं, म्हणून त्या नळ्या भरलेल्या होत्या. उपाशी कुत्र्यात त्या दिसल्या नाहीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, आजीच्या ‘दूध बंद’कडे परत येताना ती लागेल.

पुढची जवळपास चारशे वर्षं डॉक्टर हेच शिकत आले की लॅक्टिअल म्हणजे निव्वळ पन्हाळ, चरबी पडेल ती वाहून जाईल. २०१५ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी जिवंत उंदराच्या आतड्यातल्या या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली चालू अवस्थेत पाहिल्या. नळ्या आकुंचन पावत होत्या, सैल होत होत्या, पुन्हा आकुंचन पावत होत्या. प्रत्येक नळीभोवती स्नायूंचे बारीक तंतू होते आणि त्या तंतूंचा ताबा होता स्वायत्त नसांकडे. म्हणजे ही पन्हाळ नसून पंप आहे, आणि पंपाची कळ नसेच्या हातात. कोंबाच्या पुढच्या मोठ्या लसीकावाहिन्यांना तर झडपा असतात आणि त्यांची स्वतःची धडधड असते. शिवाय आतडं जेव्हा हलतं, पिळतं, तेव्हा भिंतीतलं लिम्फ त्या पिळण्यानेही पुढे सरकतं. थोडक्यात, नसा आतडं हलवतात, त्या हलण्याने लिम्फ चालतं आणि लिम्फ चाललं तर बाळाच्या अंगी दूध लागतं. यातली एक कडी धरून ठेवली तर बाकीच्या मोकळ्या राहत नाहीत.

आता जुलाब. निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यातून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी जातं. त्यातलं जेमतेम दोन लिटर आपण प्यायलेलं-खाल्लेलं असतं, बाकी सगळं लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा रस. त्यातलं शंभर-दोनशे मिलिलिटर सोडून उरलेलं सगळं परत शोषलं जातं. ही देवाणघेवाण दिवसरात्र चालू असते आणि तिचा काटा नसांच्या हातात असतो. काटा जरासा हलला तरी लंगोट भिजतो.

लहान बाळांच्या हिवाळी जुलाबांचा सगळ्यात कुप्रसिद्ध विषाणू रोटाव्हायरस. तो कोंबांच्या टोकावरच्या पेशी मारतो हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. टोकं झडली की शोषण कमी होतं, म्हणून जुलाब. पण हिशोब पुरता जमत नव्हता. पेशी फारशा झडायच्या आधीच जुलाब सुरू व्हायचे. २००० साली स्वीडनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या जुलाबातल्या पाण्याचा मोठा वाटा आतड्याच्या नसा बाहेर सोडत असतात. विषाणू भिंतीतल्या पेशी चिथवतो, त्या पेशी सिरोटोनिनसारखी रसायनं सोडतात, नसा जाग्या होतात आणि पाण्याचे दरवाजे उघडतात. आधी ज्या उलट्या होतात, त्यामागेही हीच चिथावणी मेंदूपर्यंत पोचलेली असते.

इथे हुशार वाचक विचारेल : मग नसाच बधिर केल्या तर? जुलाब बंद होणार नाहीत का?

नेमकं हेच ते ‘बंद व्हायचं औषध’ करतं असं सांगितलं जातं. त्याचं नाव लोपेरामाइड, किंवा त्याचं जुनं भावंड डायफेनॉक्सिलेट. ही अफूच्या कुळातली औषधं आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पणजी-खापरपणजीच्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांना बाळगोळी ऐकून माहीत असेल. मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची गोळी चाटवून झोपवून जात. बाळ निपचित पडे, रडत नसे आणि शीही करत नसे. लोपेरामाइड मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून मोठ्या माणसाला त्याची गुंगी येत नाही. पण आतड्यात ते त्याच कुलपात बसतं ज्यात अफू बसते. स्नायूंच्या थरांमधलं जाळं ते शांत करतं. आतडं ढकलणं थांबवतं.

पण दरवाजे उघडणारं जाळं दुसरं आहे. ढकलणं थांबलं म्हणजे पाझरणं थांबलं असं नाही. विषाणू अजून आत आहे, नसा अजून चिथवलेल्या आहेत, पाणी अजून आतड्याच्या पोकळीत उतरतंय. फरक एवढाच की आता ते बाहेर पडत नाही. लंगोट कोरडा, आईबाबा खूश, मेडिकलवाल्याचा नावलौकिक. इकडे बाळाचं पोट ढोलासारखं तट्ट फुगतं, ओठ सुकतात, डोळे खोल जातात. पाणी शरीराच्या हिशोबातून गेलेलंच असतं, फक्त तुम्हाला दिसत नाही. दुसऱ्या बाजूला, हलणं थांबल्याने भिंतीतलं लिम्फ पुढे सरकायची जी मदत होती तीही थांबते. आणि जुलाब जिवाणूंमुळे असतील तर त्यांची विषंही आतच कोंडली जातात.

ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही. १९९०च्या सुमारास पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिलेली काही अर्भकं आतडं लुळं पडून दगावली. बोभाटा झाला आणि ते थेंब मागे घेतले गेले. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांखालच्या मुलांना जुलाब थांबवणारी औषधं देऊच नका असं इतकी वर्षं सांगते आहे. तरीही रात्री साडेनऊला मेडिकलमध्ये जाऊन “बाळाला जुलाब होतायत” म्हणा. काही ठिकाणी ओआरएस हातात मिळेल, तिथे त्या माणसाला मनापासून धन्यवाद द्या. काही ठिकाणी मोठ्यांची गोळी “अर्धी करून पाण्यात विरघळवा” या सल्ल्यासह मिळेल. ती घेऊ नका. मोठ्या माणसाला प्रवासात, ताप आणि रक्त नसताना, एखाद-दोन गोळ्या चालतात म्हणून बाळाला त्याच गोळीचा तुकडा चालतो हे गणित कुठल्याही पुस्तकात नाही.

आता आजीकडे येऊ. आजीचं म्हणणं वरकरणी पटण्यासारखं असतं : “पोटाला विश्रांती नको का? दूध दिलं की लगेच शी होते.” शी लगेच होते हे खरंच आहे. पोटात काही पडलं की खालच्या आतड्याला हलायचा निरोप जातो, तो निरोपही नसांचाच. तो निरोगी बाळातही जातो, दूध पिता पिता शी करणारी बाळं तुम्ही पाहिलीच असतील. म्हणून दूध ‘बाधतंय’ असा अर्थ काढू नका.

विश्रांतीची कल्पना मात्र मुळातच चूक आहे. कोंबांवरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात आणि त्यांचं बरंचसं पोषण आतड्याच्या पोकळीतून, समोरून जाणाऱ्या अन्नातूनच होतं. झडलेली टोकं परत उगवायची वेळ आणि तुम्ही रसद तोडलीत. आसेल्लीचा उपाशी कुत्रा आठवा, त्याच्या नळ्या रिकाम्या होत्या. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा चरबीची असते आणि ती चरबी लॅक्टिअलच्याच वाटेने अंगी लागते. दोन दिवस नुसतं साबुदाण्याचं पाणी, तांदळाचं पाणी, मग दोन दिवस ‘हळूहळू’ पेज, म्हणजे चार दिवस ती वाट कोरडी. वर्षात असे तीन-चार दौरे झाले की अंगणवाडीच्या वजनकाट्यावर काय होतं ते तिथल्या ताईंना विचारा.

म्हणून अंगावरचं दूध एक वेळही बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. सहा महिन्यांपुढच्या बाळाला मऊ वरणभात, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, मऊ खिचडी, दही-भात, केळं. हो, तेल-तूपसुद्धा. “तूप पचणार नाही” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर उत्तर न देता नुसती लॅक्टिअलची आकृती काढून दाखवतो.

बाटलीबद्दल थोडक्यात. सलाईन जीव वाचवतं, पण कुणाचा? जे बाळ इतकं सुकलंय की पीतच नाही, निपचित आहे, किंवा सारखं ओकतंय, त्याचा. अशा बाळाला सलाईनशिवाय पर्याय नाही आणि तिथे उशीर करणं हा गुन्हा आहे. बाकीच्यांना तोंडाने पाणी जातं. दार उघडं असताना भिंतीला भोक पाडायची गरज नाही. हे दार म्हणजे ओआरएस. आतड्याच्या पेशीत साखर आणि मीठ हातात हात घालून आत शिरतात, त्यांच्यामागे पाणी येतं. रोटाव्हायरसने नसा कितीही चिथवल्या तरी हे दार बंद पडत नाही, आणि सगळे कोंब एकदम झडत नसल्याने उरलेले कोंब काम करत राहतात. २००२ पासूनच्या सुधारित सूत्रात ग्लुकोज आणि सोडियम नेमके सम प्रमाणात ठेवलेत ते याच हातात हात घालण्यासाठी. त्या प्रमाणात साखर वाढवली तर उलटा परिणाम होतो, जादा साखर पाण्याला आतड्याच्या पोकळीत ओढते. म्हणून टेट्रापॅकमधली गोड, फळांच्या चवीची पेयं ओआरएस म्हणून पाजणं म्हणजे आगीत तेल. वर्षानुवर्षं ती औषधांच्या दुकानात ओआरएसच्याच नावाने विकली गेली. एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. नाव गेलं तरी डबे फ्रीजमध्ये असतील, डोळे उघडे ठेवा.

अँटिबायोटिकवर मी एवढंच म्हणेन की विषाणूला त्याचं सोयरसुतक नसतं, आणि अँटिबायोटिकने स्वतःच जुलाब होऊ शकतात. शीमध्ये रक्त असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे डॉक्टरांनी दिलं तर पूर्ण घ्या.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट, जिचा आपल्यालाच पत्ता नसतो. रोटाव्हायरसवरची पहिली भारतीय लस, रोटाव्हॅक. तिचा विषाणू सापडला दिल्लीतल्या नवजात बाळांमध्ये. ही बाळं संसर्ग होऊनही आजारी पडत नव्हती. त्यावरून लस झाली. ती खरोखर काम करते का हे पाहण्यासाठी २०११ पासून देशात तीन ठिकाणी चाचणी झाली. एक दिल्ली, दुसरं वेल्लोर आणि तिसरं आपल्या शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक. हो, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेलं वढू. तिथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम सत्तरच्या दशकापासून चालू आहे, डॉ. बानू कोयाजींनी उभं केलेलं. शिरूर आणि हवेलीतल्या आसपासच्या गावांत कुणाच्या घरी जन्म झाला, मृत्यू झाला, कोण कुठे राहायला गेलं याची नोंद हे केंद्र वर्षानुवर्षं ठेवत आलंय. त्या शिस्तीमुळेच अशी चाचणी तिथे होऊ शकली.

तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बाळं सहभागी झाली. दर तीनातल्या दोघांना लस, एकाला नुसतं द्रावण, आणि कुणाला काय मिळालंय हे आईवडिलांनाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. २०१४ मध्ये निकाल आले : रोटाव्हायरसचे तीव्र जुलाब पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले, दुसऱ्या वर्षात सुमारे ४९ टक्क्यांनी. आज सरकारी लसीकरणात देशभर रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना फुकट मिळते. त्यामागे आपल्या शेजारच्या गावांतल्या आयांनी आपापल्या बाळांसह दिलेला वेळ आणि विश्वास आहे. आणि त्याच तालुक्यात “लस घेऊनही जुलाब झालेच की, मग काय उपयोग?” हा प्रश्न मला विचारला जातो.

५६ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमच्या गावात दहा बाळांना सलाईन लागणार असेल तर पाचेक बाळांची सुई वाचली. लस साधे जुलाब सगळे थांबवत नाही, कारण रोटाव्हायरस हा अनेक कारणांतला एक. ती जिवावर बेतणारा झटका कमी करते. युरोपात अशाच लसी याहून जास्त काम करतात हेही खरं. आपल्याकडे कमी का, याची कारणं अजून शोधली जातायत, पण एक संशय जुना आहे : ज्या बाळाच्या आतड्याची भिंत अस्वच्छ पाण्याने सतत सुजलेली असते, कोंब आखूड झालेले असतात, त्या भिंतीला लस नीट ओळखता येत नाही. आता मला सांगा, मुळा-मुठा पुण्याचा मैला घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे दौंडकडे वाहते. या पाण्यावर आपली पिकं, विहिरी आणि गावं उभी आहेत. इथे बाळाच्या आतड्याला दोष देण्याआधी पुण्याच्या गटारांचा हिशोब कुणी मागायचा? ग्रामसभेत गटार आणि बोअरच्या पाण्याची तपासणी हा विषय शेवटचा चहा आल्यावर निघतो. तो पहिला काढा.

आणि ऊसतोड. नोव्हेंबरपासून फडावर कोप्या उभ्या राहतात. पाण्याचा टँकर किंवा शेतातली मोटर, उघड्यावर शौच, आई पहाटेपासून कोयत्यावर. रोटाव्हायरसचा मोसम आणि गळिताचा हंगाम एकच. या बाळांचे डोस चुकतात, कारण पहिला डोस बीडला, दुसऱ्याच्या वेळी मुक्काम पाटसला. ऊस घालणारे बागायतदार, मुकादम, चिटबॉय, तुम्हीही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे. कार्ड सोबत आणायला सांगा. लस कुठल्याही गावच्या आरोग्य केंद्रात मिळते, रेशनकार्डाचा गाव बघत नाहीत. आणि रोटाचा पहिला डोस राहिला असला तरी वर्षाच्या आत तो देता येतो, “आता उशीर झाला” म्हणून परत पाठवलं तर पुन्हा जा आणि विचारा.

शेवटी रात्री दोन वाजता उपयोगी पडेल ते. घरात ओआरएसची चार पाकिटं आणून ठेवा. पाकिटावर वाचा : काही एक लिटरची असतात, काही २०० मिलिलिटरची, आणि उलटसुलट केलंत तर प्रमाण बिघडतं. पाणी उकळून गार केलेलं, पाकीट पूर्ण घालायचं, अर्धं नाही. दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे १०० ते २००. चमच्याने, मिनिटाला एक-दोन चमचे. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी हळू सुरू करा. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. झिंकची गोळी आशाताईंकडे फुकट मिळते : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०, आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण. बाळ पीत नसेल, पेंगुळलेलं असेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू मागे जात असेल, सहा तासांत लघवी झाली नसेल, शीत रक्त असेल, पोट तट्ट फुगलं असेल किंवा हिरवी उलटी होत असेल तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात जा. रस्त्यातही पीत असेल तर अंगावर पाजत राहा, आणि मेडिकलमधून काही घेतलं असेल तर त्याची पट्टी सोबत घ्या, कारण पोट फुगलेल्या बाळाबद्दल मी पहिला प्रश्न तोच विचारतो.